मैदानाच्या रेषेबाहेर

गेल्या पावसाळ्यांत आमच्या वर्गांतील एका मुलाचा गुडघा फुटबॉल खेळतांना दुखावला आणि डॉक्टरांनीं त्यास चेंडूला पाय लावण्याची मनाई केली. आम्ही सांत्वन करूं गेलों, तों आमच्या तोंडून निघालें, "बरें झालें, आतां अभ्यासांत मन घाल!" तो कांहींच बोलला नाहीं. आपण काय बोललों हें आम्हांस घरीं आल्यावर कळलें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही त्यास डेरिक परेरा यांची हकीकत सांगितली. हे मूळचे गोव्याचे. साळगावकर संघाचे व भारताचे बचावपटु. बचावपटूचें नशीब तें काय! गोल दुसऱ्याच्या नांवावर, चूक मात्र आपल्या. खेळण्याचे दिवस सरल्यावर ते मैदानाच्या रेषेबाहेर शिक्षक म्हणून उभे राहिले. त्यांच्या हाताखालीं मुंबईच्या महिंद्र युनायटेडनें 2005-06 सालीं राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. हा मान त्यापूर्वीं महाराष्ट्रांतील कोणत्याहि संघास लाभला नव्हता. तो संघच पुढें 2010 सालीं मालकांनीं बंद केला! परेरा पुण्यास आले. तेथील नवख्या पुणें एफसीस त्यांनीं 2012-13 च्या आय-लीगमध्यें दुसऱ्या स्थानीं नेलें. विजेतेपद मात्र गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडे गेलें.

मुलानें सारें ऐकून घेतलें व हळूच विचारलें, "सर, शिट्टी कोणाकडे मागावी?"

आतां तो धाकट्यांचा सराव घेतो. नाशिकच्या काळ्या चिखलांत घोट्यापर्यंत उभा राहून ओरडतो, आणि आमच्या तासाला त्याचा आवाज बसलेला असतो.