कोलू पाटलाचे तळे

शुद्ध उच्चार हे माझे जुने व्यसन आहे. मराठीच्या प्राध्यापकाला हे व्यसन शोभते, असे मी स्वतःला सांगत आलो. घरात मात्र त्याला दुसरा शब्द आहे. तो इथे लिहीत नाही.

नागपूरला शिकवू लागलो, त्या पहिल्याच वर्षीची गोष्ट. बी.ए.च्या वर्गात एक मुलगा उतारा वाचायला उभा राहिला. आवाज मोठा खणखणीत होता. पहिल्याच वाक्यात तो म्हणाला, ‘पानी’. मी म्हटले, ‘‘पाणी.’’ त्याने पुन्हा ‘पानी’च म्हटले. तिसऱ्या वेळी वर्ग हसला, आणि खरे सांगायचे तर मीही हसलो. मुलगा खाली बसला तो वर्षभर पुन्हा उभा राहिला नाही. पास झाला, निघून गेला. मीही विसरलो.

पंधरा-सोळा वर्षांनी पेपर तपासण्याच्या निमित्ताने तो भेटला. आता नवेगाव बांधकडे शाळेत शिक्षक होता. वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, ‘‘सर, दिवाळीनंतर आमच्याकडं मंडई असते. वहिनींना घेऊन या.’’

भाऊबीज झाल्यावर आम्ही तिघे निघालो. भंडारा, साकोली मागे टाकून कोहमाऱ्याला वळलो आणि दोन्ही बाजूंना कापणीला आलेले धान सुरू झाले. पुढे ऐन, मोह, तेंदू दाटत गेले. या मुलखाचे नावच झाडीपट्टी!

तळे दिसले तेव्हा आमची ही एवढेच म्हणाली, ‘‘अगंबाई, हे तळे?’’ तिच्या मनात तळे म्हणजे देवळापुढचे, चार पायऱ्यांचे. इथे पलीकडचा काठ निळसर धुक्यात हरवला होता. भोवती डोंगरांचे कडे, आणि मधल्या पाण्यावर त्यांच्या सावल्या. पाणपाखरांचा एक थवा उठे, वळसा घेई आणि पुन्हा तिथेच बसे. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने ती मोजायला घेतली आणि शंभरानंतर नाद सोडला.

हे सारे निसर्गाचे देणे नव्हे, माणसाचे आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी या शेतकऱ्याने हा बांध घातला. डोंगरांनी तीन अंगांनी वेढलेली जागा हेरायची, उरलेली वाट मातीच्या पाळीने अडवायची आणि पावसाचे पाणी धान-उसाला द्यायचे, ही कोहळ्यांची विद्या. रसेल या इंग्रज अधिकाऱ्याने १९१६ साली छापलेल्या ग्रंथात या तळ्याचे क्षेत्र पाच चौरस मैल आणि घेर सतरा मैल दिला आहे. हाती नकाशा नाही, यंत्र नाही. ढाळ डोळ्यांनी जोखायचा! लोकांनी कोलूचा कोलासूर देव केला. त्याचे ठाणे इथल्याच एका डोंगरावर आहे. भोवतीची शिखरे म्हणजे सात बहिणी. त्या कोलूच्या मदतीला आल्या होत्या म्हणतात.

अशा तळ्यांना इकडे ‘मामा तलाव’ म्हणतात. ‘‘कोणाचे मामा?’’ हिने विचारले. मामा म्हणजे माजी मालगुजारी! १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तळी सरकारजमा झाली, आणि नात्याचा भास तेवढा उरला. पुढे १९७५ साली इथल्या जंगलाचे राष्ट्रीय उद्यान झाले, २०१३ साली नागझिऱ्यासह व्याघ्र प्रकल्प झाला.

पण माझे लक्ष हळूहळू तळ्यावरून उडाले, ते आमच्या यजमानाच्या बोलण्याने. तो माझ्याशी जपून, मोजून बोलत होता. ‘‘सर, यंदा धाण चांगलं आलं,’’ तो म्हणाला. जेवणानंतर म्हणाला, ‘‘सर, पाण खाता?’’ जिथे ‘न’ हवा तिथेही तो ‘ण’ घालत होता. चूक होऊ नये म्हणून सगळीकडेच घालत होता. आईशी बोलताना, पाळीवर जाळे वाळत घालणाऱ्या ढिवराशी बोलताना मात्र तोच माणूस झऱ्यासारखा बोले. माझ्याकडे वळला की अडखळे.

झाडीबोलीत ‘ण’ नाही. हे मला त्या वर्गातही ठाऊक असायला हवे होते, निदान एम.ए.ला भाषाविज्ञान घेतलेल्या माणसाला तरी. याच गावात मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून राहिले. २०२५ साली ते गेले. ‘नवेगावबांधचे दिवस’ हे त्यांचे पुस्तक मी वर्गात कौतुकाने सांगत आलो. इथल्या माणसांच्या तोंडचे शब्द त्यांनी ओंजळीने उचलले. मी त्यांतला एक, तोही पाण्यासाठीचा, भर वर्गात टाकून दिला होता.

रात्री मंडईत दंडार होती. डोक्याला फेटा, ओठावर कोळशाची मिशी अशा थाटात आमचे यजमान रंगमंचावर आले आणि मी सावरून बसलो. तोच खणखणीत आवाज! शेवटच्या रांगेतली म्हातारी माणसेही पोट धरून हसत होती. पण हे हसणे निराळे होते. मला निम्मेच कळले. हिला माझ्याहून जास्त कळले असावे, कारण ती माझ्याआधी हसे.

परतीच्या सकाळी मी त्याला बाजूला घेऊन म्हटले, ‘‘त्या वर्षी वर्गात मी...’’

‘‘जाऊ द्या, सर,’’ तो घाईने म्हणाला. त्याला आठवत होते तर!

इतक्यात त्याची आई भरलेली बाटली घेऊन आली. ‘‘पानी घ्या, गुरुजी. दूरचा रस्ता आहे.’’

माझी मुलगी माझ्याच हाताखाली तयार झालेली. ‘‘आजी, पाणी...’’ असे म्हणायला तिने तोंड उघडले, आणि मी तिचा हात जरा जोरातच दाबला. यजमानाने ते पाहिले. तो खाली बघून हसला.

गाडी बरीच पुढे आल्यावर मुलीने विचारले, ‘‘बाबा, आजीचं चुकलं होतं ना?’’

मी बाटली उघडून दोन घोट प्यालो. कोहमारा आले तरी मला उत्तर जुळवता आले नव्हते.