गावाच्याच तोंडचे शब्द

आपल्याकडे नव्या माणसाला आधी आडनाव विचारतात आणि त्यातून जे काढायचं ते काढून घेतात. कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये विचारतात, ‘तुमचं चर्च कोणतं?’ आम्ही इथे राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात मला हा प्रश्न तीनदा आला: बँकेत, मुलीच्या शाळेच्या फाटकापाशी आणि शेजारच्या आजींकडून. आजींनी केळ्याचा केक आणला होता. आम्ही हिंदू आहोत, असं मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली, आणि केकबरोबर रविवारच्या प्रार्थनेचं आमंत्रणही ठेवून गेल्या.

पाइक्स पीकच्या पायथ्याशी वसलेलं हे शहर तसं मूळचंच सोवळं. 1871 साली जनरल पामर यांनी ते वसवलं तेव्हा जमिनीच्या खरेदीखतातच दारूबंदीचं कलम घातलं होतं. ज्यांना प्यायची ते शेजारच्या वस्तीत जात. (सज्जनांच्या गावाला असा एक शेजार लागतोच.) पण आजचं ‘इव्हँजेलिकल’, म्हणजे बायबलला शब्दशः प्रमाण मानून धर्मप्रचार करणाऱ्या ख्रिस्ती लोकांचं, कोलोरॅडो स्प्रिंग्ज त्या सोवळेपणातून आलेलं नाही, ते मंदीतून आलं. 1980च्या दशकाच्या अखेरीस इथली घरं ओस पडली, कार्यालयं रिकामी राहिली. मग गावच्या पुढाऱ्यांनी कारखान्यांसारखंच धार्मिक संस्थांनाही ‘या, इथे बस्तान बसवा’ म्हणून बोलावलं. जेम्स डॉब्सन यांची ‘फोकस ऑन द फॅमिली’ 1991 साली कॅलिफोर्नियाहून आली. तिच्यासाठी इथल्या एका धर्मादाय प्रतिष्ठानाने 40 लाख डॉलर दिले. तिच्याकडे टपाल इतकं येई की तिला स्वतःचा पिनकोड मिळाला. पुढे डझनावारी संस्था आल्या. वर्तमानपत्रं शहराला ‘इव्हँजेलिकलांचं व्हॅटिकन’ म्हणू लागली. एकाच महामार्गाच्या एका अंगाला हवाई दलाच्या अकादमीतलं सतरा सुळक्यांचं चॅपेल आणि समोरच्या अंगाला टेड हॅगर्ड यांचं न्यू लाइफ चर्च. हॅगर्डनी ते 1980च्या दशकात स्वतःच्या घराच्या तळघरात सुरू केलं होतं. 2006पर्यंत त्याचे सभासद चौदा हजारांच्या घरात गेले होते.

त्याच वर्षीच्या शरदात न्यूयॉर्कची ‘द सिव्हिलियन्स’ ही नाटकमंडळी गावात उतरली. स्टीव्ह कॉसन यांनी 2001 साली काढलेली ही संस्था. तिची रीत लंडनच्या ‘जॉइंट स्टॉक’ या जुन्या मंडळीकडून आलेली. नट स्वतः लोकांना भेटायला जातात, तासन्‌तास ऐकतात आणि परत येऊन ते माणूस सहकाऱ्यांपुढे उभं करतात. त्याचे शब्द, त्याचं अडखळणं, वाक्य अर्ध्यात सोडून देणं, सगळं. आपल्या बहुरूप्याला हे काही नवं नाही, पण बहुरूपी अतिशयोक्तीवर जगतो. इथे अट उलटी होती: भर घालायची नाही.

ते आले तेव्हा निवडणुकीचा हंगाम होता. विवाह म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री, असं राज्यघटनेत लिहायचं की नाही, यावर कोलोरॅडोत मतदान होणार होतं. मतदानाला आठवडाही उरला नव्हता तेव्हा डेन्व्हरच्या एका माणसाने जाहीर केलं की हॅगर्ड पैसे मोजून त्याच्याकडे येत असत आणि त्यांनी नशेची पावडरही मागितली होती. हॅगर्ड तेव्हा देशभरच्या इव्हँजेलिकल संघटनेचे अध्यक्ष होते, व्हाइट हाउसशी बोलणं असलेले. त्यांना पद सोडावं लागलं. 5 नोव्हेंबरच्या रविवारी त्यांचं कबुलीपत्र चर्चमध्ये वाचून दाखवलं गेलं. दोनच दिवसांनी मतदान झालं आणि ती दुरुस्ती मंजूर झाली. मंडळी आली होती एक गाव समजून घ्यायला, आणि गाव त्यांच्या डोळ्यांदेखत हादरलं.

त्यातून ‘धिस ब्यूटिफुल सिटी’ हे संगीत नाटक झालं. संहिता कॉसन आणि जिम लुइस यांची, गाणी मायकल फ्रीडमन यांची. 2009च्या फेब्रुवारीत नणंदेकडे न्यूयॉर्कला गेले होते, तेव्हा युनियन स्क्वेअरजवळच्या व्हिनयार्ड थिएटरमध्ये ते पाहिलं. सहा नट, आणि अख्खं गाव त्या सहांच्या अंगात.

पहिल्या पंधरा मिनिटांत प्रेक्षक खूप हसले. मीही हसले, आणि जरा जास्तच हसले; आपण कुठल्या बाजूचे आहोत हे शेजारच्या खुर्चीला कळावं म्हणून. मग एक नटी कोणा बाईचं बोलणं बोलायला लागली आणि माझं हसू तोंडातच राहिलं. वाक्याच्या शेवटी आवाज किंचित वर नेऊन थांबायचं, ते थांबणं आमच्या आजींचं होतं. आजी काही त्यात नव्हत्या. पण गावाची म्हणून एक बोलण्याची ढब असते आणि ती माझ्या कानात बसली होती, हे मला कोलोरॅडोपासून अडीच-तीन हजार किलोमीटरवर कळलं.

फ्रीडमनची गाणी हा त्यातला सर्वांत धूर्त भाग. न्यू लाइफसारख्या चर्चमध्ये ऑर्गन आणि स्तोत्रांची पुस्तकं नसतात. गिटार, ड्रम आणि पडद्यावर उमटणारे शब्द असतात. फ्रीडमननी त्या संगीताची टर उडवली नाही. ते चांगलं लिहिलं. त्यामुळे न पटणाऱ्या श्रद्धेवरही न्यूयॉर्ककरांचे पाय ताल धरत होते. उत्तरार्ध मला सैल वाटला. पडलेल्या माणसाभोवती घुटमळायचा मोह नाटकाला आवरला नाही. हॅगर्डपेक्षा चौदा हजार माणसं तिथे का जातात हा प्रश्न मला मोठा वाटत होता.

त्याचं उत्तर मला आमच्याच गल्लीत दिसायचं. उत्तरेकडच्या नव्या वसाहतीतलं प्रत्येक कुटुंब कुठून तरी आलेलं. लष्करातल्या नोकऱ्या, दर तीन वर्षांनी बदली, आईबाप दुसऱ्या टोकाला. हॅगर्डनी चर्चचे छोटे गट केले होते, आणि तेही आवडीनिवडीनुसार: कुणाचा मासेमारीचा, कुणाचा कुत्र्यांना शिकवण्याचा. मूल झालं की गटातून पंधरा दिवस जेवणाचे डबे यायचे. मी डेन्व्हरच्या मराठी मंडळाच्या गणपतीला वर्षातून एकदा गाडी हाकत जाते ती बाप्पासाठी जाते की उकडीच्या मोदकासाठी, की ‘तुमचं माहेर कुठलं’ असं कुणी विचारावं म्हणून, हे मी स्वतःला कधी नीट विचारलेलं नाही.

परत आले तेव्हा आजी फुटपाथवरचं बर्फ ओढत होत्या. माझंही ओढून झालं होतं, त्यांनीच ओढलेलं. नाटकाचं कळताच त्यांनी फावडं टेकवलं.

“आमची टिंगल केली असेल.”

“अर्धी,” मी म्हटलं.

“आणि गाणी?”

“गाणी चांगली होती.”

मग कशावरून कोण जाणे, मी त्यांना नगरचं सांगितलं. माझं आजोळ तिथलं. बॉस्टनच्या मिशनची माणसं तिथे 1831 सालीच पोहोचली होती. नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि त्यांनी ख्रिस्तावर अभंग लिहिले, कीर्तनं केली, कारण भाषांतरित स्तोत्रं मराठी गळ्यात नीट बसेनात. अभंग म्हणजे काय ते मला इंग्रजीत धड सांगता आलं नाही. टाळ कसे वाजवतात ते मी हातमोज्यांनीच करून दाखवलं.

आजींनी थोडा विचार केला. “म्हणजे ड्रम्स तुमच्याकडे आमच्या आधीपासून होते,” म्हणाल्या. “आमच्या पास्टरला वाटतं त्यांनीच शोधून काढले.” आणि पुन्हा फावडं उचललं.