रक्तगट आणि संशय

रक्तदान शिबिरात नावनोंदणीच्या टेबलावर मी बरीच वर्षे बसतो. कारकुनाला दुसरे काम कोण देणार! तिथे एक प्रश्न दबक्या आवाजात नेहमी येतो: "आईबापांचा गट एक आणि पोराचा वेगळाच, असे होते का हो?"

प्रश्न साधा दिसतो, पण त्यावरून घर मोडायची वेळ येते. गेल्या वर्षी एका वस्तीत नवऱ्याचा गट ए, बायकोचा बी आणि मुलाचा ओ निघाला. "आमच्यात ओ कुणाचा?" असे सासू चारचौघांत बोलली. सून माहेरी निघून गेली. आम्ही तिघे कार्यकर्ते त्या घरी गेलो आणि डॉक्टरांकडून समजून घेतलेले कागदावर मांडले.

प्रत्येकाला रक्तगटाचे दोन अंश मिळतात. एक आईकडून, एक वडिलांकडून. ए आणि बी उघड दिसतात, ओ त्यांच्यामागे दडतो. वडिलांत ए-ओ आणि आईत बी-ओ असले व दोघांकडूनही ओ आला, तर मूल ओ गटाचे होते. अशा जोडप्याला ए, बी, एबी, ओ यांपैकी कोणत्याही गटाचे मूल होऊ शकते. दोघे पॉझिटिव्ह असून मूल निगेटिव्ह होते, तेही असेच.

सासूबाई गप्प झाल्या. दुसऱ्या दिवशी नवरा स्वतः सुनेला आणायला गेला.

मग ओ-ओ जोडप्याला ए किंवा बी गटाचे मूल झाले तर? सहसा होत नाही. पण तिथेही घाई नको. १९५२ साली आपल्या मुंबईतच डॉ. भेंडे व सहकाऱ्यांनी एक दुर्मीळ गट जगापुढे आणला. त्याला 'बॉम्बे' गट म्हणतात. साध्या तपासणीत तो ओ वाटतो. आतला ए किंवा बी मुलात उमटू शकतो. अशा माणसाला ओ गटाचे रक्तही चालत नाही, बॉम्बेच लागते. म्हणून शंका आली तर रक्तपेढीत पुन्हा तपासून घ्यावे.

संशय घ्यायचा तो बाईवरच, ही जुनी खोड आहे. घरातल्या सर्वांचे रक्तगट एका वहीत जरूर लिहून ठेवा. अपघातात, बाळंतपणात ती वही कामी येईल. तिच्यावरून कुणाच्या लेकीचा न्यायनिवाडा मात्र करू नका.