जुन्या पिस्तुलाला नवी नळी

दहा मीटर एअर पिस्तुलाची नळी 4.5 मिलिमीटरच्या पेलेटसाठी असते. पिस्तूल 1990च्या दशकातले असो की कालपरवाचे, या मापात फरक पडत नाही. त्यामुळे एकाची नळी दुसऱ्याला सहज बसेल असे वाटते. बारामती आणि इंदापूर येथील, एकाच परदेशी कंपनीच्या जुन्या आणि नव्या पिस्तुलांवर प्रस्तुत लेखकाने हे पारखून पाहिले.

शिशाच्या पेलेटने पोलादी नळी सहसा झिजत नाही. हजारो फैरींनंतरही ती चांगली राहते. दगा देते ते नळीचे तोंड. पेलेट बाहेर पडते त्या क्षणी मागची हवा चहूबाजूंनी सारखी सुटावी लागते. तोंडाच्या कडेला टवका असेल तर हवा त्या बाजूने आधी निसटते आणि पेलेटला तिरका धक्का बसतो. बारामतीचे सेकंडहँड पिस्तूल लेखकाच्याच हातून फरशीवर पडले होते आणि नळीच्या तोंडाचा नेमका असा टवका उडाला होता. इंदापूरच्या नव्या पिस्तुलाचा इलेक्ट्रॉनिक ट्रिगर बंद पडला होता. सुटा भाग परदेशातून येईपर्यंत त्याची नळी नुसती पडूनच होती. दोन आजाऱ्यांतून एक धडधाकट उभा करावा, असा हा बेत.

हा बेत कायद्यात बसतो तो फक्त एअर पिस्तुलापुरता. शस्त्र नियम 2016 नुसार 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या आणि 20 ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या हवाई शस्त्राला परवाना लागत नाही. अर्ध्या ग्रॅमची पेलेट सेकंदाला 150 मीटर वेगाने गेली तरी ऊर्जा साडेपाच ज्यूलच्या आसपास भरते. नेमबाज राही सरनोबत यांनी 2018च्या आशियाई स्पर्धेत ज्या 25 मीटर प्रकारात सुवर्ण जिंकले, त्यातले .22 पिस्तूल मात्र अग्निशस्त्र आहे. शस्त्र अधिनियम 1959 त्याच्या सुट्या भागांनाही लागू होतो. तिथे घरची ॲलन की चालत नाही. काम परवानाधारक कारागिराचेच.

इंदापूरची नळी निमगाव केतकी, अंथुर्णे, भवानीनगर या पालखीच्या वाटेने बारामतीला आली. हवेचा सिलिंडर आधीच काढलेला, पिस्तूल रिकामे असल्याची खात्री दोनदा केलेली. मग नळी धरून ठेवणारे ग्रब स्क्रू सैल केले. मोजमाप वालचंदनगरच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका टर्नरने केले. साखर कारखान्यांची अजस्र यंत्रे घडवणाऱ्या गावातला हा माणूस मायक्रोमीटर मात्र सोनाराच्या हाताने धरतो. नवी नळी बाहेरून सहा शतांश मिलिमीटर बारीक निघाली. पितळी पत्र्याची शिम गुंडाळली आणि नळी घट्ट बसली. इथवर सारे सोपे होते.

अडचण नळीच्या बुडाशी होती. झडपेतून सुटलेली हवा एका बारीक छिद्रातून पेलेटमागे येते. हे छिद्र नव्या नळीत सुमारे दीड मिलिमीटर मागे होते. छिद्र जुळवायला नळी पुढे सरकवावी, तर बोल्टच्या टोकाची ओ-रिंग आपल्या बैठकीपर्यंत पोचेना. बोल्ट नीट बसवावा, तर छिद्र अर्धे झाकले जाई. कंपनीने मधल्या काळात झडप बदलली होती आणि तिच्या मापाने नळीचे बूडही बदलले होते. शेवटी छिद्र जुळवले आणि बोल्टला जाड ओ-रिंग घातली. ती बारामतीत हायड्रॉलिकचे सामान विकणाऱ्या दुकानात मिळाली. गळती पाहण्यासाठी सांध्यावर पतंगाच्या कागदाची पट्टी धरली जाते. हवा निसटत असेल तर पट्टी फडफडते. जुन्या ओ-रिंगला ती फडफडली, नव्या ओ-रिंगला स्थिर राहिली.

मग नेम. नव्या नळीची फोरसाइट अर्धा मिलिमीटर उंच होती. दोन साइटमधले अंतर 330 मिलिमीटर धरले, तर दहा मीटरवर हा अर्धा मिलिमीटर पंधरा मिलिमीटर होतो आणि पेलेट तेवढी खाली लागते. दहाच्या वर्तुळाचा व्यासच 11.5 मिलिमीटर आणि पुढची प्रत्येक रिंग आठ मिलिमीटरची. म्हणजे नेम दहाचा धरला तरी गुण आठ-नऊचा. मागच्या साइटचे क्लिक संपत आले तेव्हा कुठे मध्य सापडला.

पिस्तूल रबर लावलेल्या शिकंजात धरून पाच-पाच फैरी झाडल्या. टवक्याच्या नळीची भोके पंधरा मिलिमीटरच्या घेरात पडत होती. नव्या नळीची तेरा. एवढ्या खटाटोपाला हे फळ म्हणजे चेष्टाच. पेलेटच्या डब्यावर 4.49, 4.50 असे डोक्याचे माप छापलेले असते. ते बदलल्यावर घेर नऊवर आला. नळीची पेलेटची आवड तिच्यासोबत येते, पिस्तुलासोबत राहत नाही.

हे सुख दोनशे फैरी टिकले. मे महिन्याच्या उन्हात पतंगाचा कागद पुन्हा फडफडला. वीस अंशांना 200 बार भरलेला सिलिंडर चाळीस अंशांना जवळजवळ 214 बारवर जातो. पण झडपेआधी दाब एकसारखा राखणारा रेग्युलेटर असल्याने दोष या वाढीव दाबाचा नव्हता. मापाबाहेरची ओ-रिंग दर वेळी चेपली जाऊन कापली गेली होती.

टर्नरने मग पहिल्याच दिवशी सुचवलेले काम केले. जुन्या नळीचे तोंड लेथवर अर्ध्या मिलिमीटरहून कमी कापून कडा नव्याने काढली. जुनी नळी, जुनी ओ-रिंग, जुनी साइट. घेर दहा मिलिमीटर. जुन्या-नव्या मॉडेलमध्ये नळी बदलायचीच असेल तर बुडाचे छिद्र, बोल्टची बैठक आणि फोरसाइटची उंची ही तीन मापे आधी घ्यावीत. एकही चुकत असेल तर स्क्रू सैल करू नयेत. इंदापूरची नळी पुढच्या रविवारी तिच्याच फोरसाइटसह परत गेली.