बेत आणि माया

कापड मापाप्रमाणे आखून कापण्याला मराठीत बेतणे म्हणतात. मेजवानीचा बेत, बेताने केलेला खर्च, बेताची मिळकत, हे सगळे शब्द शिवणकामाच्या दुकानात अगदी शब्दशः लागू पडतात. तालुक्याच्या गावातल्या लेडीज टेलरकडे बेतायचे काम सहसा सकाळीच उरकतात. गिऱ्हाइकांची ये-जा सुरू झाली की खडू आणि कात्री एका हिशेबात राहत नाहीत. 80 सेंटिमीटरच्या ब्लाउजपिसात पाठ, पुढचे दोन भाग, दोन बाह्या, कमरपट्टी आणि गळ्याची पट्टी बसवायची असते. काठ बाहीवर यायला हवा असेल तर कापड उभे धरायचे की आडवे, हे ठरवण्यातच पाच मिनिटे जातात. खडूची रेघ झटकता येते, कातरलेले कापड मात्र जुळत नाही. त्यामुळे शिवायला कारागीर ठेवला तरी बेतण्याचे काम दुकानाचा मालक किंवा मालकीण सहसा दुसऱ्याच्या हाती देत नाही.

माप घेण्याच्या टेपवर एका बाजूला सेंटिमीटर असतात, पण दुकानात बोलतात ते इंचातच. बऱ्याच बायका अंगाचे माप देण्याऐवजी मापाचा ब्लाउज देतात आणि सोबत एक वाक्य: असाच शिवा, फक्त बगलेत जरा सैल. या 'जरा'चे इंच करणे ही टेलरची खरी विद्या. कोणाचा जरा पाव इंचाचा, कोणाचा पाऊण इंचाचा, हे गिऱ्हाइकागणिक डोक्यात ठेवावे लागते. वहीत आकडे उतरतात, जरा उतरत नाही.

यानंतर येते माया. शिवणीच्या आत राखून ठेवलेल्या जादा कापडाला टेलर माया म्हणतात. चांगल्या ब्लाउजच्या दोन्ही कुशींत इंचभर तरी माया असते आणि तिच्यावर टिपेच्या दोन-तीन समांतर रेघा असतात. अंग भरले की आतून एक टीप उसवायची, ब्लाउज अर्धा इंच सुटतो. बाळंतपणानंतर, चाळिशीनंतर तोच ब्लाउज पुन्हा दुकानात येतो तो या भरवशावर. तयार कपड्यांच्या शिवणीत माया नसल्यासारखीच असते. कडेला ओव्हरलॉक मारून कापड अगदी टिपेलगत कापलेले असते. कारखान्यात हजारो नगांमागे वाचलेला अर्धा अर्धा इंच हाच नफा, त्याला दोष देण्यातही अर्थ नाही. पण मग असा कपडा सैल करायला आणलेल्या बाईला टेलर शिवण उलटी करून दाखवतो आणि म्हणतो, यात मायाच नाही. ऐकणारी हसते, कपडा पिशवीत घालते.

मशीनचे काम तुलनेने सरळ. वरचा दोरा सुईतून येतो, खालचा बॉबिनमधून, आणि दोन्हींची गाठ कापडाच्या पोटात पडावी लागते. वरचा ताण ढिला झाला की कापडाखाली फासे लोंबतात, जास्त झाला की कापड चुण्या खाते. नेहमीच्या सुती कापडाला 16 नंबरची सुई, तलमाला 14 किंवा 11. आयझॅक सिंगरने अमेरिकेत मशीनचे पेटंट घेतले ते 1851 साली. त्याच्या वीस वर्षे आधी पॅरिसमध्ये तिमोनिये नावाच्या शिंप्याने बनवलेली मशीन, पोट बुडेल या भीतीने इतर शिंप्यांनीच फोडून टाकली होती. आज महिलांचा स्वयंरोजगार म्हटले की सरकारी योजनेला आणि पुढाऱ्याच्या वाढदिवसाला सर्वांत आधी शिलाई मशीनच आठवते. मशीन मिळते, पण बेतायला शिकवणारे कोणी सोबत मिळत नाही, आणि अनेक घरांत ती काही महिन्यांत टीव्ही ठेवायच्या कामी येते.

फॉल-पिको, पडद्याची पट्टी, पँटची उंची कमी करणे ही रोजच्या भाजीपाल्याची कामे. जूनमध्ये गणवेश, दिवाळीत आणि लग्नसराईत ब्लाउज. पावतीला कापडाचा तुकडा टाचलेला असतो आणि तारीख पुढे ढकललेली असते.

एवढ्या कापाकापीनंतर मशीनखाली कातरण साचते, आणि इथून दुकानाचे दुसरे काम सुरू होते. काठाचे, खणाचे, छिटाचे तुकडे वेगळे काढून पोत्यात भरतात. ते गोधडीच्या वरच्या थराला लागतात. गोधडीचे गणित ब्लाउजच्या अगदी उलटे. इथे अंगाचे माप नाही, आणि कापड पुरण्यापेक्षा उरण्याचीच काळजी. पश्चिम महाराष्ट्रात हिलाच वाकळ म्हणतात. खाली धड असलेले लुगडे, मध्ये विरलेली धोतरे आणि पातळे, वर ठिगळे जोडलेला थर. आधी लांब लांब कच्चे टाके घालून थर एकमेकांना धरतात, मग कडेपासून सुरुवात करून धावदोरा चौकोना-चौकोनात आत नेतात. शेवटचा टाका मधोमध पडतो.

हे काम मशीनवर का नीट होत नाही, याला कारण आहे. मशीनचे दाते खालच्या थराला पुढे ढकलतात, वरचा थर दाबपट्टीखाली अडून मागे राहतो. चार थर असले की ही तफावत साचत जाते आणि गोधडीला मध्येच फुगा येतो. हाताची सुई सगळ्या थरांतून एकदम खाली जाते आणि एकदम वर येते, त्यामुळे थर जागचे हलत नाहीत. शिवाय टाक्याटाक्यांमध्ये जी बारीक सुरकुती उठते तिच्यात हवा अडकते, आणि गोधडीची ऊब बरीचशी त्या हवेची असते.

उत्तर कर्नाटकात यल्लापूर, हल्याळ भागात सिद्दी बायका अशीच गोधडी शिवतात. तिला त्या कवंदी म्हणतात. आफ्रिकेतून आणलेल्या आणि पुढे गोव्याहून घाटावर आलेल्या लोकांचे हे वंशज. त्याही कोपऱ्यापासून सुरुवात करून फिरत फिरत आत जातात, आणि शेवटी चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या तुकड्यांचे फूल लावतात. फुलावाचून कवंदी उघडी समजतात.

आता अडचण कापडाचीच आहे. सुती लुगडी घरांतून गेली, गाठोड्यात निघतात त्या पॉलिएस्टरच्या साड्या. त्यांचे थर एकमेकांवरून सरकतात, घाम टिपत नाहीत, आणि अंगावर घेतले की गार लागतात. दुसरी अडचण मजुरीची. एका माणसाला घरचे सांभाळून एक मोठी गोधडी पुरी करायला सहज पंधरवडा लागतो, पण गिऱ्हाईक म्हणते, कापड तर आमचेच आहे, तेही जुने. ब्लाउजच्या शिलाईवर घासाघीस न करणारी बाईदेखील गोधडीपाशी हटकून घासाघीस करते. शहरांतल्या प्रदर्शनांत हीच गोधडी भरभक्कम किमतीला विकली जाते, हे गावातल्या शिवणारीला ठाऊक असते.

गोधडी शिवायला द्यायची असेल तर लुगडी धुऊन, खळ काढून, उन्हात वाळवून द्यावीत. कोरे सुती कापड घालायचे असेल तर आधी एकदा भिजवून घ्यावे, नाहीतर ते पहिल्या धुण्यात आटते आणि बाकीचे थर चुरगळतात. मजुरी दिवसांच्या हिशेबाने ठरवावी. आणि काम मार्चमध्येच टाकावे. जूनमध्ये दुकान गणवेशांनी भरलेले असते, आणि पावसाळी हवेत कापडांचे गाठोडे दमट राहते.