पैठण सोडून जुन्नरला

यंदा सुट्टीत नातू चार दिवस आमच्याकडे चिंचवडला राहायला आला होता. नववीत गेला आहे, शाळा इंग्रजी माध्यमाची. येताना बॅगेतून जगाचा एक भला मोठा कोरा नकाशा घेऊन आला. त्याच्या मित्रमंडळींचा म्हणे एक खेळ चालू आहे. प्रत्येकाने एकेक प्राचीन साम्राज्य घ्यायचे, ते बुडालेच नाही असे धरायचे आणि आजच्या जगाचा नकाशा काढायचा. एकाने रोम घेतले, एकाने इराण. आमच्या चिरंजीवांनी सातवाहन घेतले. कारण काय, तर "आजोबा, तुम्हाला येतात ते!"

संध्याकाळपर्यंत त्याने काबूलपासून जावा बेटापर्यंत सगळे केशरी करून टाकले होते. मी विचारले, "अरे, काबूलचा सारा कोण गोळा करणार? पैठणहून निघालेला माणूस पावसाळ्यात कुठे मुक्काम करणार?" तो म्हणाला, "आजोबा, हा खेळ आहे." म्हटले, खेळ असला तरी पटला पाहिजे. आणि मग मीच चष्मा लावून शेजारी बसलो.

आता तुम्हाला म्हणून सांगतो. चौतीस वर्षे मी इतिहास-भूगोल शिकवला आणि दरवर्षी पहिल्या तासाला एक वाक्य फळ्यावर लिहीत आलो, इतिहासात जर-तर नसते. डॉ. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा वाचली तेव्हा जरा चरफडलोच होतो. १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांना लागलेली गोळी लागत नाही, तेवढे एकच ते बदलतात. बाकी सगळे त्यामागून ओघाने येते. इतके, की गाडी लोणावळ्याच्या पुढे गेली की इंग्रजांची हद्द सुरू होते! २०२५ च्या मे महिन्यात नारळीकर गेले तेव्हा ती पुन्हा काढून वाचली. या वेळी लक्षात आले की त्यांनी गंमत केली नव्हती, प्रयोग केला होता. एक गोष्ट बदलायची, बाकी हात लावायचा नाही.

तोच नियम नातवाला घालून दिला. एकच गोष्ट बदल. कोणती ते शोध.

सातवाहन तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला संपले. का, तर पश्चिमेच्या क्षत्रपांशी बंदरांवरून पिढ्यान् पिढ्या झगडा. गौतमीपुत्राने नहपानाला बुडवले आणि त्याच्या चांदीच्या नाण्यांवर आपले छाप मारले. जोगलटेंभीला १९०६ साली अशा तेरा हजारांवर नाण्यांचा साठा सापडला, त्यातली नऊ हजारांहून जास्त पुन्हा छापलेली. पण पुढे रुद्रदामनाने जुनागढच्या खडकावर कोरून ठेवले की दक्षिणापथाच्या सातकर्णीला मी दोनदा हरवले, जवळचा नातलग म्हणून फक्त जिवंत सोडला. बंदरांचे हे भांडण किती टोकाचे असेल? पेरिप्लस नावाच्या ग्रीक प्रवासपुस्तकात लिहिले आहे की कल्याणला चुकून लागलेले ग्रीक जहाज पहारा बसवून भडोचला नेत. त्यात घरचे महारठी, महाभोज डोईजड झालेले. पुढे रोमचा व्यापारही आटला. (रोम घेतलेल्या मित्राशी तह करून टाक, असे मी नातवाला सुचवले. नियमात बसत नाही म्हणाला.)

हे सांगत असतानाच मला तो पेपर आठवला.

१९८६ ची सहामाही परीक्षा असेल. प्रश्न नेहमीचाच, सातवाहन सत्तेच्या ऱ्हासाची कारणे लिहा. पाच गुण. भोसरीकडून येणारा एक मुलगा होता, वडिलांचे किराणा मालाचे दुकान. त्याने कारणे लिहिलीच नाहीत. लिहिले होते की राजाने पैठण सोडून जुन्नरला राहायला जायला हवे होते, म्हणजे राज्य बुडाले नसते. कारण नाणेघाटात जकात जमा होते आणि राजा राहतो लांब. मालक लांब राहिला तर दुकान नोकर खातात.

मी शून्य दिले. लाल शाईने 'विचारले तेवढेच लिहा' असे लिहिले. एवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते. पण मी ते उत्तर वर्गात वाचून दाखवले. पोरे हसली, मीही हसलो. त्यानंतर वर्षभर त्या मुलाने गाईडबाहेरचा एक शब्द लिहिला नाही. त्याच्या अक्षरातली ती गाईडची उत्तरे तपासून मी त्याला चांगले गुण देत राहिलो. पुढे तो कुठे गेला, माहीत नाही. आता पन्नाशी ओलांडली असेल त्याने.

नातवाला यातले काही न बोलता मी म्हटले, "राजधानी जुन्नरला ने." त्याने पैठणवरचा तारा खोडला आणि जुन्नरवर काढला. आणि काय सांगू, नकाशा मिटायला लागला! नाणेघाटाच्या गुहेत नागणिकेचा लेख, घाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण, जुन्नरच्या डोंगरांत दोनशेच्या वर लेणी, त्यांत यवनांनी दिलेली दाने. पैसा, वाट आणि माणसे तिथेच होती. राजा तिथे राहिला असता तर कल्याण-सोपारा दोन दिवसांच्या टप्प्यात आले असते. उत्तरेला नर्मदा, दक्षिणेला तुंगभद्रा, बाजूंना दोन समुद्र. काबूल मी त्याच्याकडून खोडून घेतले, जावाला फक्त जहाजांची तुटक रेघ ठेवली. सातवाहनांच्या नाण्यांवर जहाज आहेच, तेव्हा एवढी रेघ त्यांना देणे लागतो. सोपाऱ्याची खाडी मात्र गाळाने भरणारच होती, राजा कोणीही असो. म्हणून बंदर कल्याणकडे सरकवले.

"चाकण कुठे दाखवू?" त्याने विचारले. त्याचे बाबा चाकणला एमआयडीसीत नोकरीला आहेत. रोज तळेगाव चौकातल्या कंटेनरच्या रांगेत तास-दीड तास काढतात, त्यामुळे चाकण पाहिजेच. चाकणपासून जुन्नर साठेक किलोमीटर. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी तिथला संग्रामदुर्ग शाईस्तेखानाविरुद्ध जवळपास दोन महिने लढवला, तोही वाटेवरचा किल्ला म्हणूनच. म्हटले, राजधानीच्या दक्षिणेचे जकातनाके दाखव. रांग तशीच ठेव. हसला.

मग इंद्रायणी निळी केली. काठावर देहू आणि आळंदी लिहायला मी पेन्सिल उचलली आणि हात थांबला. सातवाहन टिकले म्हणजे देवगिरीचे यादव नाहीत. दरबारात माहाराष्ट्री प्राकृतच चालू राहिली, तर तिच्यातून आपली ही मराठी अशीच निघाली असती? १२९० ची ज्ञानेश्वरी कोण लिहिणार? एक बदल करायचा, बाकी हात लावायचा नाही, हा नियम मीच घालून दिलेला. नातू वाट बघत होता. मी नदीचा काठ कोरा सोडला. दोन रुपयांचे राज्य वाचवायला शंभराची नोट मोडल्यासारखे वाटले, आता काय सांगायचे.

रात्री जेवताना त्याने विचारले, "आजोबा, जुन्नरची आयडिया भारी होती. पुस्तकात आहे?" नाही म्हटले, एका विद्यार्थ्याची आहे. मग सगळे सांगितले, शून्यासकट, हसण्यासकट. सौ. वाढता वाढता थांबल्या. चाळीस वर्षांत त्यांनाही हे सांगितले नव्हते.

पोरगा थोडा वेळ ताटाकडे बघत बसला. मग म्हणाला, "नाव काय होते त्याचे? कोपऱ्यात लिहायला पाहिजे."

नाव मला आठवेना. हजेरीपट कधीचे रद्दीत गेले. अक्षर डोळ्यांसमोर आहे, डावीकडे कललेले, 'ळ' काढताना अडखळणारे. आडनावाचे पहिले अक्षर 'ल' असावे असे वाटते. नकाशाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात सध्या तेवढे 'ल' लिहून ठेवले आहे. जुन्या सहकाऱ्यांपैकी दोघे निगडीला राहतात. रविवारी त्यांच्याकडे जाऊन बघतो.