बागेची किल्ली

मुलांची सहल ही शिक्षकाची परीक्षा असते. प्रश्न मुले विचारतात आणि नापास व्हायची पाळी गुरुजींवर येते. गेल्या हिवाळ्यात वर्ध्याच्या मगनवाडीत माझे तसेच झाले.

मगन संग्रहालय पाहून झाल्यावर मुलांना सावलीत बसवून मी इतिहास सांगू लागलो. ही मुळात जमनालाल बजाजांची बाग. सुमारे वीस एकर जागा, संत्र्यांची झाडे, ऐसपैस घर. डिसेंबर १९३४ मध्ये ग्रामोद्योग संघ निघाला आणि जमनालालजींनी ती त्याच्या हवाली केली. मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ तिला मगनवाडी हे नाव मिळाले. गांधीजी १९३५ साली येथे राहू लागले. तेलघाणी फिरली, हातकागद होऊ लागला, मधमाश्या पाळल्या गेल्या. ३० डिसेंबर १९३८ रोजी त्यांच्याच हस्ते संग्रहालय उघडले. त्याच्या दहा वर्षे आधी, १९२८ साली, जमनालालजींनी वर्ध्यातले आपले लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले केले होते.

मी रंगात आलो होतो. "आपले आहे ते सर्वांचे आहे, असे मानणारी माणसे…" एवढ्यात मागच्या रांगेतला एक पोरगा उठला. "गुरुजी, मग तुमच्या बागेले कुलूप काऊन?"

सगळी मुले हसली. मीही हसलो, पण परतीच्या वाटेवर मला काही सुचले नाही.

आर्वीकडच्या आमच्या गावात आजोबांनी लावलेली संत्र्यांची बाग आहे. त्यांच्या काळी फाटक नुसते लोटलेले असे. पाणी भरून दमलेल्या बायका तिथे घटकाभर टेकत, वाटसरू विहिरीच्या ओट्यावर भाकरी सोडत. पुढे कुणीतरी फळे चोरली आणि वडिलांनी कुलूप घातले. वडिलांमागे किल्ली माझ्याकडे आली. मी ती इमानाने सांभाळली. बाग मात्र सांभाळली नाही. बुंध्यांना डिंक्या लागला, फांद्या वाळत गेल्या. चोर बाहेर ठेवला होता. मरण आतच होते.

त्या रात्री आईला सारे सांगितले. ती वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, "कुलपानं झाडं जगली काय रे?"

दर रविवारी मुले येऊ लागली. वाळलेली सल आम्ही कापून काढली, डिंक खरवडला, मोरचूद आणि चुन्याचा मलम बुंध्यांना लावला. पाणी खोडाशी साचले की हा रोग बळावतो. म्हणून प्रत्येक झाडाभोवती दुहेरी आळे केले, आतले कोरडे, बाहेरचे पाण्याचे. मेलेल्या झाडांच्या जागी पावसाळ्यात जंभेरीवर बांधलेली कलमे लावली; डोळा मातीखाली जाऊ नये म्हणून तीच पोरे माझ्यावर डोळे वटारून उभी! ओटा सारवला. फाटक मात्र मी रोज संध्याकाळी बंद करीतच होतो. सवय सुटत नव्हती.

आषाढीच्या दिवशी आईने माझ्याकडून किल्ली मागून घेतली आणि देवघराच्या कोनाड्यात ठेवून दिली. "देवाजवळ राहू दे," एवढेच म्हणाली. देवाजवळची वस्तू उचलायची कशी? तेव्हापासून फाटक उघडे आहे. दुपारी बायका टेकतात, संध्याकाळी म्हातारी मंडळी ओट्यावर गावाचा न्यायनिवाडा करतात.

मी फार उदार झालो असे मात्र कुणी समजू नये. वीस एकर देणारा माणूस वेगळा. माझ्याने तर अजून सकाळी विहिरीजवळच्या झाडाची फळे मोजल्यावाचून राहवत नाही. जगलेल्या झाडांवर यंदा आंबिया बहार बरा धरला आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी, रंग नुकता चढत असताना, मोजणीत सात फळे कमी भरली. मी चरफडत शाळेत गेलो. वर्गात पाऊल टाकले तो संत्र्याच्या सालीचा घमघमाट. पोरे पाटीवर ठेवावीत तशी नजर खाली ठेवून बसली होती.

त्या दिवशी मी हजेरी जरा सावकाश घेतली. तेवढ्यात त्यांचे खाऊन झाले.